दीड सेकंद

पत्र तीन ओळींचं होतं.
टूलकिट मार्चअखेर निवृत्त होत आहे.
दुरुस्त्या मिळणार नाहीत.
आपल्या सहकार्याबद्दल आभार.

निवृत्त. म्हणजे शाल-श्रीफळ द्यायचं की काय त्याला.
महापेच्या तिसऱ्या मजल्यावर प्रणीत घरतनं ते मोठ्यानं वाचलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की घरून फोन आलेल्या माणसाकडे बघतात तसं.
मी म्हटलं, चहा सांग.

करड्या खिडक्या, करडी बटणं.
बटणाची वरची कड पांढरी, खालची काळपट,
म्हणजे डोळ्याला वाटावं, ते जरा वर आलंय, दाबता येईल.
उजेड नेहमी डाव्या कोपऱ्यातून.
सत्तावीस वर्षं त्या जगात सूर्य हललाच नाही.

नव्यात सगळं सपाट.
बटण कुठलं, नुसती अक्षरं कुठली,
चाचपून बघायचं.

मोजायला बसलो तेव्हा चारशे बारा खिडक्या निघाल्या.
एकीचं नाव 'तात्पुरती२'.
ती मी लिहिली होती, नव्व्याण्णवच्या गणपतीआधी,
सातव्या महिन्यात, टेबलापासून खुर्ची मागे सरकवून.
ती मुलगी आता मला सांगते, आई, तो फॉन्ट बदल.
तात्पुरती२ अजून चालते.
चालायची.

मे महिन्यात नवी आवृत्ती बसवली, पहिली तुर्भ्याच्या वजनकाट्यावर.
तिथे हसुराम माधवी. खदानीतले खडीचे डंपर.
त्याला टूलकिट-बिलकिट ठाऊक नाही.
टॅब, टॅब, गाडी नंबर, एफ सात, एंटर,
आणि डोळे बाहेर, चाकांवर.
पडद्याकडे बघताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन:
मॅडम, तुमचा नवा काटा खोटं बोलतोय.

काटा जुनाच होता. तारही जुनीच.
पण भरलेली गाडी कधी साठ किलो जास्त,
कधी चाळीस कमी, आणि ड्रायव्हर भांडायला खाली उतरलेला.
प्रणीतनं एकेक आकडा तपासला.
सगळे बरोबर.

मग मी गेले.
पत्र्याची केबिन, टेबलफॅन, रजिस्टर उडू नये म्हणून त्यावर खडीचाच एक दगड.
डंपर काट्यावर चढला. हसुरामनं एंटर मारलं.
आकडा तत्क्षणी उमटला,
आणि डंपर अजून डुलत होता.

जुनी खिडकी उघडायला दीड सेकंद घ्यायची.
आळशी, म्हणायचे मी तिला.
दोनदा अख्खा महिना घालवला तिला पळवायला, हलली नाही.
त्या दीड सेकंदात
पाटे खाली बसायचे,
खडीवर खडी बसायची,
इंजिनाचा थरकाप चाकांतून जमिनीत जायचा,
आणि मग ती म्हणायची, हं, सांग आता.

हे कुठल्याच कागदात नव्हतं.
मी लिहिलं नव्हतं, टूलकिट बनवणाऱ्यांनीही नाही.
हसुरामलाही ते माहीत नव्हतं.
त्याच्या बोटाला माहीत होतं.

रात्री मी नव्या कोडात एक ओळ घातली:
थांब, दीड सेकंद.
वर टीप लिहिली: हे काढू नये. गाडी डुलते.

सकाळी प्रणीत म्हणाला, मॅडम,
आकडा स्थिर झाला की काटा स्वतःच सांगतो,
त्याचीच वाट बघू ना. रिकाम्या टेम्पोला कशाला ताटकळवायचं?
बरोबर बोलला.
सत्तावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं,
कारण गरजच पडली नव्हती.

माझी ओळ त्यानं काढली.
टीप मात्र ठेवली, अर्धी:
गाडी डुलते.

मंगळवारी हसुरामचा फोन आला नाही.
बुधवारीही नाही.